एकतीस क्रमांकाची बोली

२०५१ साली जुनी गाडी विकायची म्हणजे आधी मालकाची जबानी व्हायची आणि मग गाडीची. यात कुणाला नवल वाटत नसे. ज्यांनी तरुणपणी जुन्या गाड्या घेतल्या होत्या आणि महिन्याभरात कपाळाला हात लावला होता, ती पिढी तर या पद्धतीवर बेहद्द खूश होती. मीटर मागे फिरवणं, पुरात बुडालेली गाडी धुऊनपुसून 'डॉक्टरांनी वापरलेली' म्हणून खपवणं, दोन मोडक्या गाड्या जोडून एक नवरी सजवणं, या सगळ्या कलांना उतरती कळा लागली होती. कारण गाडीचं लोखंडच बोलू लागलं होतं.

पाचधोंडीच्या धनाजी शेलारांनी या बोलणाऱ्या लोखंडाची कधी फिकीर केली नव्हती, कारण त्यांना गाडी विकायचीच नव्हती. पाटण तालुक्यातल्या डोंगरात त्यांचं गाव. सत्तावीस वर्षं ते पाचधोंडी ते पाटण वडाप चालवत होते. एसटी जिथे जायला नाक मुरडते तिथे जाणारी, आणि घड्याळ बघून नव्हे तर सवाऱ्या भरल्या की सुटणारी जीप म्हणजे वडाप. मधल्या काळात त्यांनी तिचं डिझेल इंजिन काढून बॅटरी बसवली, दोनदा रंग दिला, वरचं हूड बदललं. पण खालचे कमानपाटे, म्हणजे चाकांवर गाडीचा भार तोलणारे पोलादी पट्ट्यांचे जुडगे, पहिल्या दिवसापासूनचेच होते. मग काचबिंदूने त्यांच्या नजरेच्या कडा खायला सुरुवात केली. एके दिवशी बाजूने आलेली म्हैस त्यांना दिसलीच नाही. म्हशीला काही झालं नाही, उलट तीच त्यांच्याकडे रागाने बघत उभी राहिली. पण घरी आल्यावर धनाजीरावांनी किल्ली देवापुढे ठेवली आणि बायकोला म्हणाले, "वैजू, बास झालं. गाडी इकायची."

वैजयंताबाई नवऱ्यापेक्षा दोन इयत्ता जास्त शिकल्या होत्या, आणि हे त्या दोघांपैकी कुणालाही कधी विसरता आलं नव्हतं. त्यांनी फोनवर 'बोलीघर' उघडलं आणि नियम मोठ्याने वाचून दाखवले. आपला नंबर कुणाला द्यायचा नाही. कुणाला बाहेर भेटायचं नाही. घेणाऱ्याचे पैसे तिसऱ्याच, तटस्थ खात्यात अडकल्याशिवाय किल्ली हातातून सोडायची नाही. बोली लावणाऱ्यांची नावं दिसणार नाहीत, फक्त क्रमांक दिसतील. म्हणजे कुणी कुणाला धमकावणार नाही, की गळ घालणार नाही.

"बेस हाय," धनाजीराव म्हणाले. "माणूसच दिसायचा न्हाय, मग भांडान कुणासंगं व्हायचं?"

पुढे मालकाच्या जबानीचा फॉर्म होता. त्याला 'स्वजबानी' म्हणत. गाडीचे अपघात, दुरुस्त्या, वाहिलेला भार, नेहमीचा मार्ग आणि त्यातले अपवाद, हे सगळं मालकाने आधी आपल्या तोंडाने सांगायचं. मग कराडच्या केंद्रात गाडीचं लोखंड वाचायचं आणि दोन्ही जबान्या ताडून शंभरपैकी गुण द्यायचे. मार्गाच्या रकान्याखाली लाल अक्षरात सूचना होती : न सांगितलेली फेरी आढळल्यास ती संशयास्पद समजली जाईल.

ते वाचून धनाजीरावांचा अभिमान जागा झाला. सत्तावीस वर्षांत त्यांच्या गाडीत चोरीचा माल चढला नव्हता. त्यांना वाटलं, हे सगळं यंत्र वाचणार आहे. यंत्रापाशी काय लपवायचं? वैजयंताबाई चहाला उठून गेल्या तेवढ्यात त्यांनी एका बोटाने लिहिलं : 'गाडी पाचधोंडी–पाटण सोडून कुठे गेली नाही. अपवाद एकच. १२ मे २०४२, घाटाखाली, सवारी एक.'

आणि पाठवून दिलं.

आठवड्याने निकाल लागला. शंभरपैकी अठ्ठ्याण्णव. दोन गुण गेले ते 'एका वेळी जास्तीत जास्त प्रवासी' या रकान्यात. धनाजीरावांनी तिथे 'नऊ, कधीमधी दहा' असं लिहिलं होतं. पाट्यांनी सतरा सांगितले.

सोमवारी सकाळी बोली सुरू झाली. केंद्राने गाडीची किंमत नव्वद हजार धरली होती. दहा वाजेपर्यंत चार-पाच जणांनी बोली लावून आकडा पंच्याण्णवपर्यंत नेला. मग एकतीस क्रमांकाने एकदम तीन लाख म्हटलं. बाकीचे पांगले. तासाभराने एकतीस क्रमांक चार लाखांवर आला, दुपारी सहा, आणि मंगळवारी सकाळी धनाजीराव दात घासत असताना अकरा. वैजयंताबाईंनी देवाला साखर ठेवली. धनाजीराव अंगणात जाऊन आपल्या जीपभोवती एक फेरी मारून आले, आपल्याला सत्तावीस वर्षांत दिसलं नाही असं हिच्यात काय आहे ते बघायला.

त्याच दिवशी दुपारी डॉ. शबाना शिकलगार पाचधोंडीत आल्या. बोलीघराचा आणखी एक नियम होता : ठरवलेल्या किमतीच्या तिपटीवर बोली गेली, तर केंद्राच्या धातुतज्ज्ञाने विकणाऱ्याला समोरासमोर भेटायचं. बाई पन्नाशीच्या होत्या, पायात साधे बूट, हातात चपटी पेटी. धातूचं वाचन ज्यांनी शोधून काढलं त्या चौघांपैकी त्या एक होत्या, हे त्यांनी सांगितलं नाही. ते वैजयंताबाईंनी नंतर फोनवर शोधलं.

"काका, तुमच्या गाडीला अकरा लाख कोण आणि का देतंय, याचा काही अंदाज?" चहाचा कप घेत त्यांनी विचारलं.

"गाडी चांगली हाय," धनाजीराव म्हणाले.

"चांगली आहे. पण अकरा लाखांची नाही. ज्याला तुमची गाडी नको असेल त्याला काय हवं असेल, ते आधी समजून घ्या." डॉक्टरांनी दोरीवर वाळत घातलेल्या लुगड्याकडे बोट केलं. "काकी, हे लुगडं वर्षभर एकाच घडीत ठेवलं, तर उलगडल्यावर काय राहतं?"

"घडीची रेघ."

"तसंच पोलादाचं. त्यात अणू रांगेने उभे असतात. पाट्यावर वजन आलं की पाटा वाकतो, रांगा जराशा सरकतात. वजन उतरलं तरी सगळे अणू आपल्या जागी परत येत नाहीत. रेघ राहते. दुसऱ्या वजनाची रेघ पहिलीवर, तिसऱ्याची दुसरीवर. याला आम्ही धातुस्मृती म्हणतो. आमचे किरण एकेक थर उलगडत मागे जातात. त्या दिवशी ऊन किती होतं, हवेत ओल किती होती, तेही त्या थरात असतं. त्यावरून तारीख लागते. आणि जागा लागते ती खड्ड्यांवरून. कुठल्याही दोन रस्त्यांचे खड्डे सारखे नसतात. आपल्याकडे तर वाचन फारच सोपं जातं."

धनाजीराव हसले. डॉक्टर हसल्या नाहीत.

"आम्ही बोलीसाठी फक्त सारांश वाचतो. अपघात, जोड, भार. पूर्ण वाचन करत नाही, ठेवतही नाही. कायदा असा आहे, की ज्याचा धातू त्याची स्मृती. पण उद्या गाडी ज्याची होईल त्याने अर्ज केला, तर आम्हाला पूर्ण वाचून द्यावं लागतं. अमुक तारखेला पुढच्या सीटवर सत्तेचाळीस किलोचं माणूस बसलं, आणि अमुक वळणानंतर अमुक जागी उतरलं. चार पावलांचा फरक पडेल, जास्त नाही."

धनाजीरावांनी कप खाली ठेवला.

"तुमची स्वजबानी बोली लावणाऱ्या सगळ्यांना दिसते, काका. तुम्हाला हे माहीत होतं ना?"

ते त्यांना माहीत नव्हतं.

"आणखी एक विचित्र गोष्ट आहे," डॉक्टर म्हणाल्या. "तीन लाखांनंतर समोर दुसरं कुणीच नाही. हा एकतीस क्रमांक स्वतःच्याच बोलीवर बोली चढवतोय. लिलाव कसा चालतो हेच त्याला माहीत नसावं."

धनाजीराव जमिनीकडे बघू लागले. मग म्हणाले, "लिलाव माहीत न्हाय. बाजार माहीत हाय त्याला. बैलबाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा हुतो. समोरचा गप बसला, म्हंजे आकडा पटला न्हाय. मग आणिक एक बोट धरायचं. हितं ह्याला वाटतंय, मालक गप बसलाय." त्यांनी मान वर केली. "बैलांचा व्यापारी पाचधोंडीत एकच हाय, डॉक्टरीणबाई. हणमंत मोहिते."

नावं लपवून माणसाला सुरक्षित ठेवणाऱ्या त्या पद्धतीने सगळं झाकलं होतं, फक्त माणसाची खोड तिला झाकता आली नव्हती.

वैजयंताबाईंनी हातातलं सूप खाली ठेवलं. "हणमंताला तुमची गाडी कशाला पायजे?"

आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा धनाजीरावांनी ती गोष्ट सांगितली.

त्या बारा मेला हणमंतच्या पोरीची, ऋतुजाची, लग्नाची सुपारी फुटायची होती. पोर एकोणीस वर्षांची. तिने तीनदा नको म्हटलं होतं, आणि तिन्ही वेळा ते कुणी ऐकलं नव्हतं. भर दुपारी पंगती बसल्या होत्या. धनाजीराव वडाच्या सावलीत गाडीत डुलकी काढत होते. दार वाजलं, पुढच्या सीटवर ऋतुजा येऊन बसली, मांडीवर एक पिशवी. म्हणाली, "काका, घाटाखाली चला." ते म्हणाले, "वडाप तिकडं जात न्हाय गं." ती म्हणाली, "आज जाऊ द्या." त्यांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि गाडी सुरू केली. सत्तावीस वर्षांत एकच सवारी घेऊन गाडी सुटली ती तेवढीच. उतरताना ती म्हणाली, "कुणाला सांगू नका. वैजूकाकीला पण नाही." धनाजीरावांनी शब्द दिला.

ती कुठे उतरली ते या गोष्टीतही यायचं नाही. शब्द म्हणजे शब्द.

संध्याकाळी हणमंतने स्टँडवर सगळ्या गावादेखत आरोळी ठोकली होती, की घावली तर घावल तिथंच गाडीन. मग तीन दिवस माणसं घेऊन त्याने पाटणपर्यंतचा मुलूख पालथा घातला. त्याला फिरवलं कुणी? धनाजी शेलारांनी. त्या फेऱ्या वडापच्याच वाटेवरच्या, म्हणून जबानीत वेगळ्या लिहायची गरज पडली नव्हती.

"नऊ वरसं माज्या शेजारी झोपून तुमी हे पोटात ठिवलं?" वैजयंताबाई म्हणाल्या.

"शब्द दिला हुता."

"मग आता कशाला सांगितलं?"

"आता लोखंडच सांगाय लागलंय. म्या गप बसून काय उपेग?"

डॉक्टर ऐकत होत्या. त्यांना एरवी अशा वेळी काय बोलायचं ते ठाऊक असे. त्यांच्या आज्याने गावोगाव फिरून विळ्या-कात्र्यांना धार लावली होती आणि वडिलांनी जुना टेम्पो घेतला होता. त्या टेम्पोची चासी मधून जोडलेली होती आणि वर काळा रंग होता. घाटात ती सांध्यावर तुटली. शबाना तेव्हा अकरा वर्षांची होती. पुन्हा कुणाच्या बापाला कुणी असा टेम्पो विकू नये, एवढ्यासाठी तिने पुढची तीस वर्षं लोखंडाला बोलायला शिकवलं होतं.

"काका, लोखंड खोटं बोलत नाही," त्या म्हणाल्या. हे वाक्य त्या व्याख्यानात म्हणत आणि तिथे टाळ्या पडत.

"खोटं बोलत न्हाय, खरं हाय. पर त्याला गप बसायबी येत न्हाय."

डॉक्टर म्हणाल्या, "गाडी आता बोलीतून मागे घेतलीत, तर नियमाप्रमाणे ती पुन्हा विकता येत नाही, भंगारातच जाते. भंगारही कुणीतरी विकत घेतंच. उपाय एकच आहे. पाटा लाल होईपर्यंत तापवून हळूहळू निवू दिला, की अणू पुन्हा रांगेत येतात. सगळ्या रेघा जातात. हे मी सांगायला नको होतं."

"ह्याला डॉक्टर कशाला? लोहार सांगतो की."

"पुसणं गुन्हा नाही. लपवून पुसणं गुन्हा आहे. पुसलं, तर तसं जाहीर करावं लागेल. मग गाडीची जबानी शून्य. तिच्यातून पुन्हा प्रवासी न्यायला परवानगी मिळणार नाही. किंमत म्हणाल तर पत्र्याची." डॉक्टरांनी अंगणातल्या जीपकडे पाहिलं. "आणि काका, निवडून पुसता येत नाही. एक दिवस पुसायचा तर सत्तावीस वर्षं पुसावी लागतात."

धनाजीरावांनी विचारलं, "माझी आई शेवटची गाडीत बसली हुती. दवाखान्यात न्यायला. मागच्या सीटवर, वैजूच्या मांडीवर डोस्कं ठिवून. ते आसंल त्यात?"

"असेल. किती किलो होत्या, तेही सांगता येईल."

"काय ऱ्हायलं हुतं तिच्यात! चौतीस-पस्तीस." आईचा एकच फोटो घरात होता, आणि तोही आधारकार्डाचा.

अकरा लाखांचा आकडा फोनवर तसाच चमकत होता. डोळ्यांच्या उपचारापासून म्हातारपणच्या भाकरीपर्यंत सगळं त्यात बसत होतं. धनाजीराव बायकोकडे बघू लागले. मोठ्या गोष्टी त्या घरात अशाच ठरत.

वैजयंताबाई म्हणाल्या, "माज्याकडं काय बघताय? अकरा लाखाला पोरगी इकायची व्हय?"

बुधवारी सकाळी जीप ठोकळ्यांवर चढवली, चारही पाटे उतरवले आणि लोहाराच्या भट्टीत घातले. लोहाराला खरं काय ते सांगितलं नव्हतं. त्याला वाटलं धनाजीला वेड लागलं. चांगल्या पाट्याचं पाणी, त्याचा ताठपणा, कुणी असं उतरवतं का? पाटे आधी काळसर तांबडे झाले, मग पिकल्या तोंडल्यासारखे लालभडक. सत्तावीस वर्षांची माणसं त्यात होती. परीक्षेला जाणारी पोरं, माहेरी निघालेल्या लेकी, सिमेंटची पोती, कुणाच्या कोंबड्या, आणि पस्तीस किलोची आई. धनाजीराव भट्टीपासून हलले नाहीत. डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि ते धुराचं नव्हतं. राखेत पुरून ठेवलेले पाटे गुरुवारी हात लावण्याजोगे निवले. वैजयंताबाईंनी स्वजबानीत वाढीव ओळ लिहिली : 'पाटे तापवले. स्मृती शून्य. कारण सांगणार नाही.'

नियमाप्रमाणे सगळ्या बोल्या मोकळ्या झाल्या. संध्याकाळपर्यंत एकतीस क्रमांक दिसेनासा झाला. शुक्रवारी उंब्रजच्या एका बाईने सतरा हजारांना गाडी घेतली. तिला हायवेकडेला रसवंती काढायची होती, आणि जीपच्या मागच्या भागात चरक नेमका बसत होता. तिच्या पैशांसाठीही तटस्थ खातं, कुलूप, पावती सगळं यथासांग झालं. अकरा लाखांना जेवढी सुरक्षितता होती, तेवढीच सतरा हजारांना.

शनिवारी डॉ. शिकलगार शून्य स्मृतीची खात्री करायला पुन्हा आल्या. पेटी उघडून त्यांनी पाट्यावर किरण सोडले. एरवी पडद्यावर रेघांची दाटी व्हायची; आज पडदा स्वच्छ होता. त्या सही करत होत्या तेवढ्यात फाटक वाजलं.

हणमंत मोहिते आत आला. सहा फुटांचा गडी, पण खांदे पडलेले. हातात काही नव्हतं. वैजयंताबाई तरीही पुढे होऊन नवऱ्याच्या शेजारी उभ्या राहिल्या.

"एकतीस नंबर म्या हुतो," तो म्हणाला.

"ठावं हाय," धनाजीराव म्हणाले.

"तुज्या जबानीतली तारीक वाचली. नऊ वरसांत पयल्यांदा काय तरी घावलं. खालचं रान आन् चार बैलं इकाय काढली हुती." तो ओसरीच्या कडेला बसला. "आन् तू जाळून टाकलंस."

"तू गाडीन म्हणला हुतास. स्टँडवर. सगळ्या गावानं ऐकलंय."

"म्हणलो हुतो." हणमंतने मान खाली घातली. मग म्हणाला, "तिची आई गेली गेल्या साली. जाताना बी माज्याशी बोलली न्हाय. मला पोरीला काय करायचं न्हाय रं धनाजी. कुटं उतरली तेवढंच बघून आलो आसतो. लांबनं."

डॉक्टरांचा पेन थांबला होता. त्यांना या माणसाची भीती वाटायला हवी होती, आणि वाटत होती ती वेगळ्याच गोष्टीची. हा खरं बोलत असेल, तर तीन दिवसांपूर्वी भट्टीत एका बापाचा शेवटचा धागा जळाला होता. खोटं बोलत असेल, तर एक पोरगी वाचली होती. लोखंडाच्या आत दहा हजार थर वाचणारी त्यांची पेटी या बाबतीत मुकी होती.

"दर सोमवारी बाजाराला तू माज्याच गाडीनं जायचास," धनाजीराव म्हणाले. आता त्यांचा आवाज चढला. "माज्या मागच्याच सीटवर. हात लांब केला आसतास तर माज्या पाठीला लागला आसता. नऊ वरसं! एकदा तरी इचारायचंस."

"इचारलं आसतं तर सांगितलं आसतंस?"

"न्हाय. कुटं उतरली ते आजबी सांगायचो न्हाय. पर तिला जाऊन सांगितलं आसतं, की बा इचारतोय म्हणून."

हणमंतने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. त्याच्या बोटांमधून शब्द आले ते कसेबसे. "माणसाला इचारायची लाज वाटायची. लोखंडाला इचारायला लाज वाटत न्हवती."

डॉ. शिकलगारांच्या कार्यालयात एक यादी होती : तिपटीवर गेलेल्या बोल्या, गेल्या वर्षीच्या तीनशे बारा. त्यांनी त्या सगळ्यांपुढे 'काळा पैसा असावा' असा शेरा मारून फाईल वर पाठवली होती. आता त्यांना त्या फाईलकडे जायचं धैर्य होत नव्हतं. कुणा नवऱ्याला आपली बायको त्या गुरुवारी कुठे गेली ते हवं असेल. कुणा भावाला भाऊ शेवटचा कुठे उतरला ते. त्यांतल्या कितीजणांना ज्याला विचारायचं तो माणूस त्याच घरात, त्याच ताटाशेजारी बसलेला असेल! आपण लोखंडाला बोलायला शिकवलं आणि माणसांना एकमेकांना न विचारण्याची सोय करून दिली, असं त्यांना वाटलं आणि त्यांनी ते उघड बोलूनही टाकलं.

"तसं न्हाय बाई," वैजयंताबाई म्हणाल्या. "तुमचं यंतर न्हवतं तवाबी माणसं गप्पच हुती. ह्यांनी मला तरी कुटं सांगितलं?" आणि त्या चहा टाकायला आत गेल्या.

धनाजीराव हणमंतच्या शेजारी येऊन बसले. दिसत नसलेल्या बाजूला तो येत होता, म्हणून त्यांनी मान पूर्ण वळवली.

"बोल. काय सांगू तिला?"

"म्हंजे? तू जाणार?"

"गाडी गेली, पाय हायत. दिवसाला दोन का हुईना, एसटी हाय. ती हुती तिथं न्हायच घावली, तर ज्या बाईंच्या हवाली केली हुती त्यांना ती कुटं हाय ते ठावं आसंल. त्या मला सांगतील का न्हाय ते त्यांच्यावर. काय सांगू, ते बोल."

बाजारात आकड्यावर आकडा टाकणाऱ्या हणमंतला पहिला शब्द सापडेना. "म्हणावं, घरी ये," तो म्हणाला, आणि स्वतःच मान हलवली. "नगं. म्हणावं, तुजी आई..." तेही त्याने सोडलं. चहा आला, त्यावर साय धरली. डॉक्टरांनी पेटी बंद केली, पण त्या उठल्या नाहीत. त्यांना हे यंत्राशिवाय ऐकायचं होतं.

शेवटी तो म्हणाला, "इचार तिला, बा आला तर चालंल का. ती म्हणंल तिथं, ती म्हणंल तवा. न्हाय म्हणली, तर न्हाय."

"आन् न्हायच म्हणली तर?"

हणमंतने चहाचा कप बाजूला सारला. "तर तू मला येऊन न्हाय म्हणून सांग. पर सांग. गप बसू नगंस."

"सांगीन."

"कवा जातोस?"

"सोमवारी. पयल्या एसटीनं."

"पाटणपातूर म्या येऊ का संगं?"

धनाजीरावांनी आपल्या अधू डोळ्यांनी त्याच्याकडे जितकं पाहता येईल तितकं पाहिलं.

"पाटणपातूर ये," ते म्हणाले. "फुडं न्हाय."